डीफ्रॅग करताय? आधी या चुका टाळा

संगणक मंदावला की 'एकदा डीफ्रॅग मारून बघा', म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग जुळवून घ्या, हा सल्ला हमखास मिळतो. विंडोज ९८ च्या काळी तो रास्त होता, आणि सरकणारे रंगीत चौकोन पाहत बसणे हा विरंगुळाही होता. आज मात्र ड्राइव्ह कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता तो पाळणे, ही पहिली चूक होय.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये डेटा वाचणारे हेड चकतीवरील योग्य ट्रॅकवर जाण्यास साधारण ८ मिलिसेकंद आणि हवा तो भाग त्याखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे १०० एमबीची जी फाइल सलग असताना सेकंदभरात वाचली जाते, तिचे हजार तुकडे विखुरले असतील तर नुसत्या शोधाशोधीतच बारा सेकंद जातात. एसएसडीत, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, सरकणारे हेडच नसल्याने हा हिशेब तेथे लागू पडत नाही. वारंवार डीफ्रॅग केल्यास फ्लॅश सेलची मर्यादित लेखनक्षमता तेवढी खर्ची पडते.

याच भीतीपोटी काहीजण विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' या सुविधेतील साप्ताहिक वेळापत्रकच बंद करतात. तीही चूकच, कारण विंडोज ८ पासून ही सुविधा ड्राइव्हचा प्रकार ओळखते आणि एसएसडीवर मुख्यतः ट्रिम चालवते, म्हणजे कोणते ब्लॉक मोकळे झाले ते ड्राइव्हला कळवते.

सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. एका परिचितांच्या जुन्या डिस्कमधून टक् टक् आवाज येत असतानाही मी रात्री डीफ्रॅग लावून झोपलो. सकाळी काम ११ टक्क्यांवर अडकले होते आणि डिस्क ओळखलीही जात नव्हती. मरू घातलेल्या डिस्कवर हजारो फाइली हलवणे म्हणजे तिला अखेरचा धक्का देणे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट (SMART) अहवालात 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दिसत असल्यास आधी डेटा दुसरीकडे घ्यावा, डीफ्रॅगचा विषयच काढू नये.

काठोकाठ भरलेल्या डिस्कवरही हा खटाटोप वाया जातो. तुकडे जुळवायला मोकळी जागा लागते, म्हणून किमान १५ टक्के जागा आधी रिकामी करावी. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर (फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) तर सहसा याची गरजच भासत नाही.

हार्ड डिस्क असली तरी आधी 'अ‍ॅनलाइज' करावे. तेथे दोन-तीन टक्केच विखंडन दिसत असूनही यंत्र कुथत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून पाहावा. पुष्कळदा ४ जीबी रॅम भरलेली असते आणि ब्राउझरचे टॅब पेजफाइलमधून, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेतून, ये-जा करत असतात.