सिसिली गाडीने फिरायचंय? आधी मुक्काम ठरवा

नकाशावर इटलीचं सिसिली बेट छोटं दिसतं, म्हणून लोक रोज नवं हॉटेल बुक करतात. माझं ऐका, आठवड्याला तीनच मुक्काम पुरेत: सिराकुझा, अग्रिजेंटो, पालेर्मो. कातानियाला उतरायचं आणि पालेर्मोहून परतायचं. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसे लागतात, पण बेट उलटं पार करण्याचा दिवस वाचतो.

सिराकुझाहून नोटो सहज होतं. १६९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव. एटना ज्वालामुखीसाठी मात्र अख्खा दिवस राखून ठेवा. त्याच्या उतारावरच्या रिफ्युजो सापिएन्झा या तळापर्यंत, म्हणजे साधारण १९०० मीटरवर, गाडी जाते. खाली कितीही उकडत असलं तरी जाकीट घ्याच. अग्रिजेंटोची ग्रीक मंदिरं भर दुपारी बघू नयेत, सावली जवळपास नाहीच. चार वाजता आत शिरा.

आता खरी डोकेदुखी: झेडटीएल. जुन्या शहरांतल्या या निर्बंधित भागात विनापरवाना शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाचं पत्र कधीकधी महिन्यांनी घरी येतं. हॉटेलवाल्याला आधीच विचारा, ‘गाडी कुठे लावू?’ पांढरी रेघ म्हणजे बहुधा फुकट, निळी म्हणजे पैसे, पिवळी राखीव. पालेर्मोत पोहोचल्यावर तर मी गाडी सरळ परतच करते. तिथे चालवण्यात कसली आलीय सुट्टी!

गाडी लहानच घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ लायसन्ससोबत ठेवा. पालेर्मो-कातानिया ए१९ महामार्गाला टोल नाही, मेस्सिनाकडच्या ए१८ आणि ए२०ला आहे.