शिंपल्याचा चुना नेमका कधी होतो? डेल्टा जी काढायची रीत

बारावीच्या केमिस्ट्रीत थर्मोडायनॅमिक्स सुरू झालं की आमच्याकडे कोणतरी वही घेऊन येतोच. परवा भाचा आला, म्हणे मामा, रिॲक्शन स्पॉन्टेनियस, म्हणजे आपोआप होऊ शकणारी, आहे की नाय कसं सांगायचं? मी त्याच्या हातात कालवाचं कवच ठेवलं. आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून कळीचा चुना करायचे, तेच गणित घे म्हटलं.

फॉर्म्युला एकच, डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस. डेल्टा म्हणजे बदल, जी म्हणजे गिब्स ऊर्जा, एच म्हणजे एन्थाल्पी (रिॲक्शनची उष्णता), एस म्हणजे एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा) न् टी म्हणजे तापमान. उत्तर मायनस आलं तर रिॲक्शन आपोआप होऊ शकते, प्लस आलं तर नाय, शून्य म्हणजे समतोल.

शिंपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आता त्यापासून कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) आणि कार्बन डायऑक्साइड. पुस्तकातल्या टेबलातून तयार झालेल्यांच्या आकड्यांची बेरीज घ्यायची आणि त्यातून सुरुवातीच्या पदार्थाची वजा करायची. एन्थाल्पी: (−६३५.१) + (−३९३.५) − (−१२०६.९) = +१७८.३ किलोज्यूल. एन्ट्रॉपी: ३९.८ + २१३.७ − ९२.९ = +१६०.६ ज्यूल प्रति केल्विन. वायू सुटतोय म्हणून एन्ट्रॉपी वाढणारच, हे न मोजताही कळायला हवं.

इथेच भाच्याने माती खाल्ली. १६०.६ तसाच घातला न् २९८ ने गुणला, उत्तर आलं जवळजवळ −४७,६८०! अरे मग किनाऱ्यावरच्या सगळ्या शिंपल्यांचा आत्ताच चुना व्हायला हवा होता ना. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये असते, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये, म्हणून आधी १००० ने भागायचं म्हणजे ०.१६०६. मग १७८.३ − २९८ × ०.१६०६ = साधारण +१३०.४ किलोज्यूल. म्हणजे २५ अंशाला आपोआप नाय होणार, शिंपली वाळूत निवांत पडून राहणार. आणि तापमान कायम केल्विनमध्ये, सेल्सियस घालून कितीतरी मार्क गेलेत पोरांचे.

मग भट्टी किती तापवायची? डेल्टा जी शून्य धरा, टी = १७८.३ ÷ ०.१६०६ = १११० केल्विन, म्हणजे अंदाजे ८३७ अंश सेल्सियस. यात डेल्टा एच न् डेल्टा एस तापमानाने बदलत नाहीत असं धरलंय, आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार. भट्टीत वारा खेळता असला की वायू निघून जातो, दाब कमी राहतो, मग रिॲक्शन त्याहून कमी तापमानालाही पुढे सरकते.

कळीच्या चुन्यावर पाणी घातल्यावर तो कसा फसफसून उकळतो ते बघितलंय ना? तिथे डेल्टा एच −६५.२ किलोज्यूल आणि डेल्टा एस −२६.३ ज्यूल प्रति केल्विन, तर २९८ ला डेल्टा जी करून बघा, −५७.४ किलोज्यूलच्या आसपास यायला हवा. दोन्ही मायनस असले की थंडीत जमतं, दोन्ही प्लस असले की तापवल्यावर, भट्टीसारखं.

हाच विझवलेला चुना जांभ्याच्या भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कार्बोनेट होतो, डेल्टा जी साधारण −७३ किलोज्यूल, म्हणजे स्पॉन्टेनियसच, पण जाड भिंतीत आतपर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि किती वर्षं ते या फॉर्म्युल्यात कुठेच येत नाय.