नदी-ओढ्यात कच्चे तेल उतरले तर: पावसाळी सल्ला

वरच्या अंगाला तेलवाहिनी फुटल्याचे किंवा टँकर उलटल्याचे कळले की तवंग दिसायची वाट पाहू नका. आधी उपशाची मोटर बंद करा, पाटाचे आणि शेततळ्याचे दार लावून घ्या. फुटव्हॉल्व्ह (मोटरीच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) खोल आहे, म्हणजे खालचे चांगले पाणीच येईल, या भरवशावर राहू नका. पाणी उथळ असेल तर मोटरीच्या ओढीने भोवरा पडतो आणि वरचे तेल आत जाते. शिवाय बेंझिनसारखे घटक पाण्यात विरघळतात, ते दिसत नाहीत. तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून असे पाणी शुद्ध होत नाही. ठिबकमध्ये तर ते सोडूच नका, ड्रिपर चोंदतात.

तवंग तेलाचाच का, अशी शंका असेल तर काडीने हलवून पाहा. लोहाच्या जिवाणूंचा तवंग तुकड्यांत फुटतो, तेलाचा पुन्हा जुळून येतो. उग्र वास येत असेल तर मात्र ही परीक्षा नकोच. ताज्या तेलाची वाफ विषारी असते आणि पेटही घेते. विडी-काडी, इंजिन सगळे लांब ठेवा.

पावसाळ्यात खरी भीती पुराची. २०१० च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तेलवाहिनी फुटली, तेव्हा कालामाझू नदी पावसाने फुगलेली होती. तेल काठच्या सखल जमिनीवर चढले, जड भाग तळाच्या गाळात बसला आणि तो उपसायला काही वर्षे गेली. म्हणून पूर ओसरून पाणी नितळ दिसले, तरी तपासणीचा अहवाल येईपर्यंत उपसा नको आणि नदीचा गाळही शेतात नको.

शेतात तेल शिरलेच, तर घाईने नांगर घालू नका. वरचे तेल मुळांपर्यंत गाडले जाते. साबण-पावडरही नको, त्याने तेल फक्त पाण्यात मिसळून पुढे जाते. तेलकट माती पाणी धरत नाही, आणि तेल कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेत असल्याने पीक पिवळे पडते. नत्र किती द्यायचे, मशागत कधी करायची, हे माती परीक्षणानंतरच ठरवा.

जनावर तेलकट पाणी प्यायले तर ओकारी काढायचा किंवा काही पाजायचा प्रयत्न नको. तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. पशुवैद्यकाला बोलवा.

साफसफाईआधी फोटो काढा. पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, झाकणाखाली हवा न ठेवता भरा आणि थंड जागी ठेवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, ठिकाण लिहा. भरपाईच्या दाव्याला हेच लागते.