खाऱ्या हवेतली, पावसातही रात्री वाचता येणारी ‘रेडियम’ पाटी

दुकानात ज्याला ‘रेडियम’ म्हणतात त्यात रेडियम औषधालाही नसतं. असतात ते बारीक काचेचे मणी आणि त्यांच्यामागे ॲल्युमिनियमचा थर. मणी गाडीच्या दिव्याचा उजेड त्या थरावर गोळा करतो आणि तो आल्या वाटेने परत जातो. गुहागर-देवगडकडच्या वळणावर खानावळीची पाटी लावायची तर एवढंच धरून चाला: उजेड वर छापलेल्या शाईतून दोनदा जातो, आत जाताना आणि बाहेर येताना.

म्हणून शाई पारदर्शक हवी. सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी चालतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो उजेड अडवतो. पांढरं हवं तिथे हा रेडियमचा कागद कोराच ठेवा. काळी शाई म्हणजे काजळीच, उजेड गिळते, त्यामुळे अक्षरांना उत्तम. गडद निळ्यावर काळी अक्षरं मात्र टाळा. दिवसा झकास, रात्री सगळं एकच काळं.

कागद ‘छापता येणारा’ आणि मणी पारदर्शक थराखाली झाकलेला मागा. उघड्या मण्यांवर पाणी साचलं की उजेड नीट वळत नाही; रस्त्यावरचे पट्टे पावसात गुल होतात ते यामुळेच. झाकलेल्या कागदाचा वरचा भाग सपाट असतो, पाणी ओघळलं तरी आतलं गणित बिघडत नाही.

छपाई इको-सॉल्व्हंट यंत्रावर करा. त्यातलं द्रावक वरचा थर किंचित मऊ करतं आणि रंगद्रव्य त्यात रुतून बसतं. घरच्या प्रिंटरची पाण्याची शाई नुसती थेंबाथेंबाने वर बसते, बोट लावलं की पुसते. आधी वीतभर पट्टी छापून पाहा. यंत्राच्या प्लेटचं तापमान ४०–४५ अंश; एका शाईची पूर्ण मात्रा १०० टक्के धरली तर सगळ्या शाया मिळून २०० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे गेलं की रंग वाहतो आणि वाळत नाही.

बहुतेक पाट्या बिघडतात त्या वाळवण्याच्या घाईने. छापलेला कागद घट्ट गुंडाळू नका. सैल, उभा, किमान २४ तास ठेवा, पावसाळ्यात ४८. अडकलेलं द्रावक गोंदात उतरतं, गोंद लिबलिबीत होतो आणि महिन्याभरात कडा वर येतात. दोष मात्र गोंदाला! वाळल्यावर चकचकीत पारदर्शक लॅमिनेशन करा.

पत्रा २ मिमी ॲल्युमिनियमचा, कोपरे गोल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कागद पत्र्याच्या कडेपासून ३ मिमी आत ठेवून मधून बाहेर स्क्वीजीने (सपाट पट्टीने) दाबत चिकटवा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, खाली नायलॉनचा वॉशर. लोखंडी स्क्रू खाऱ्या दमटपणात ॲल्युमिनियमशी जुळला की पत्राच खातो, भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. वॉशर नसेल तर फिरणारा स्क्रू कागदही पिळून फाडतो.

ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. १० सेंमी उंचीचं अक्षर साधारण ४० मीटरवरून वाचता येतं, म्हणजे चालकाला साडेतीन सेकंद. नाव आणि बाण पुरे. ‘घरगुती मालवणी जेवण, सोलकढी, मोदक’ एवढं वाचायला वेळ नाही. पाटी रस्त्यापासून ५ अंश बाहेर वळवा, नाहीतर चकाकी थेट डोळ्यात जाते.

तपासणी रात्री. बॅटरी कानशिलाशी धरून १५ पावलांवरून बघा. हातभर बाजूला धरली तर उजेड बॅटरीकडेच परत जाईल, डोळ्याकडे नाही. मग बादलीभर पाणी ओतून पुन्हा बघा. मिठाचा थर नि शेवाळ साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने काढा. काथ्या अजिबात नको, ओरखडे पडले की चमक गेलीच.