गात्बावी चढताय? या चुका टाळा

दक्षिण कोरियात देगू शहराच्या वेशीवर पाल्गोंगसान हा डोंगर आहे. त्याच्या ग्वानबोंग शिखरावर, सुमारे 850 मीटर उंचीवर, दगडात कोरलेला भैषज्यगुरू, म्हणजे आजार बरे करणारा बुद्ध उघड्यावर बसला आहे. हाच गात्बावी. मूर्ती साधारण 4 मीटर उंच, सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या काळातली, बहुधा नवव्या शतकातली. डोक्यावर जुन्या कोरियन टोपीसारखी एक चपटी शिळा आहे. मनापासून मागितलेली एक इच्छा हा बुद्ध पुरी करतो अशी श्रद्धा असल्याने बाराही महिने इथे माणसांचा राबता असतो.

अंतर कमी आहे, आणि घोळ तिथेच होतो. देगूच्या बाजूने जेमतेम दोन किलोमीटर. ते ऐकून लोक चपला घालून, अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून निघतात. पण या दोन किलोमीटरमधला बहुतेक चढ शेवटच्या टप्प्यात कोंबलेला आहे. निम्म्या चुका मात्र पहिली पायरी चढण्याआधीच झालेल्या असतात.

भलत्याच ठिकाणी पोहोचणं

नकाशात नुसतं ‘गात्बावी’ टाकलंत तर मोकपो शहरातला गात्बावी समोर येऊ शकतो. तो समुद्रकाठचा नैसर्गिक खडक आहे, देशाच्या पार नैऋत्य टोकाला. म्हणून शोधताना ‘पाल्गोंगसान’ हा शब्द जोडायचाच. कोरियात पायवाटा आणि बस पाहायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप बरे पडतात.

दुसरा घोटाळा याच डोंगरावरचा. पाल्गोंगसानवर दोंगह्वासा नावाचं मोठं मंदिर आहे आणि तिथेही भैषज्यगुरूचीच एक भव्य उभी मूर्ती आहे, 1992 मध्ये पूर्ण झालेली. फोटो गात्बावीचा पाहिलेला आणि बस दोंगह्वासाची पकडलेली, असं सहज होतं. देगूहून 401 क्रमांकाची बस गात्बावीच्या पायथ्याला जाते. बसमध्ये चढताना पाटी वाचा किंवा चालकाला विचारा. चुकून दोंगह्वासाला उतरलात तर ‘इथून चालत जाऊ’ असं मनातही आणू नका, मधली डोंगरधार लांबलचक आहे. बसने किंवा टॅक्सीने गात्बावीच्या पायथ्याशी या. आणि हो, पाल्गोंगसानला केबल कार आहे, पण ती वेगळ्याच शिखराकडे जाते. तिच्या भरवशावर घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलात तर बोलणी खावी लागतील.

सुरुवातीलाच जोर लावणं

देगूकडून निघालं की ग्वानामसा मंदिरापर्यंतची वाट रुंद आणि बऱ्यापैकी सोपी आहे. माणूस इथे फसतो. गप्पा मारत झपझप चालतो आणि मंदिरापाशी पोहोचेपर्यंत घामाघूम होतो. खऱ्या दगडी पायऱ्या त्यानंतर सुरू होतात. 1,365 पायऱ्या असं लोक सांगतात. मोजायच्या भानगडीत पडू नका, मोजणाऱ्याला त्या जास्तच वाटतात.

या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची थेट गुडघ्यापर्यंत. त्यामुळे ताल बसत नाही आणि मांड्या भरून येतात. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा. नुसत्या चवड्यावर चढलात की पोटऱ्यांत गोळे येणार हे ठरलेलं. उंच पायरीला दर वेळी तोच पाय पुढे टाकू नका. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त आहे असं समजा. दम लागला की मिनिटभर उभ्यानेच थांबा. फतकल मारून दहा मिनिटं बसलात तर पाय आखडतात आणि पुन्हा उठणं जिवावर येतं.

वाटेत पाठीवर तांदळाची पिशवी घेतलेल्या सत्तरीच्या आजीबाई तुम्हाला मागे टाकून जातील. त्यांच्याशी शर्यत लावायची नाही. त्यांची पावलं पाहा: लहान, सावकाश, न थांबता. तीच इथली चाल आहे.

गोळा आलाच तर बाजूला होऊन पाऊल हलकेच स्वतःकडे ओढा, घोटभर पाणी आणि काहीतरी खारं पोटात घाला. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र तिथेच थांबा आणि 119 ला फोन लावा. वाटेवर क्रमांक लिहिलेले खांब असतात. जवळच्या खांबाचा क्रमांक सांगितला की बचाव पथकाला तुमची जागा कळते. भाषेची अडचण आली तर 1330 ही पर्यटकांची मदतवाहिनी इंग्रजीतही बोलते.

दिवस आणि ऋतू न पाहणं

नोव्हेंबरमध्ये कोरियातली विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. त्याआधी मुलांसाठी साकडं घालणाऱ्या आयांनी वरचा सारा कट्टा भरलेला असतो. नवीन वर्षाच्या पहाटे सूर्योदयासाठी तशीच गर्दी. शांतपणे बसायचं असेल तर साध्या आठवड्यातला मधला वार धरा.

देगूचा उन्हाळा कोरियाभर बदनाम आहे, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेच निघावं. पावसात दगड घसरडे होतात. हिवाळ्यात सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा पातळ थर असतो, तो दिसत नाही, पाय घसरल्यावरच कळतो. बुटाखाली बांधायची लोखंडी दात्यांची पट्टी तिकडे ‘आयजेन’ नावाने मिळते, ती सॅकमध्ये असू द्या. वर वारा झोंबतो. घामेजलेल्या टी-शर्टवर उभं राहून थंडी भरवून घेण्यापेक्षा एक कोरडा कपडा जवळ ठेवा.

वर पोहोचल्यावर

मूर्तीसमोर चटया अंथरलेल्या असतात आणि लोक 108 नमस्कार घालत असतात. चटईवर बूट नकोत. नमस्कार घालणाऱ्याच्या पुढून जायचं नाही आणि त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा नाही. मूर्तीचा फोटो मागे उभं राहूनही चांगला येतो. आणि इच्छा एकच मागायची असते, यादी नाही!

2023 च्या अखेरीस पाल्गोंगसान राष्ट्रीय उद्यान झालं. ड्रोन, सिगारेट, डोंगरावर स्वयंपाक, सगळं बंद.

उतरण हलक्यात घेणं

चढताना फुप्फुसं दमतात, उतरताना गुडघे. दर पायरीला अंगाचं सगळं वजन एका गुडघ्यावर आदळतं, त्यात मांड्या आधीच थकलेल्या. गुडघे किंचित वाकवून, थोडं तिरकं होऊन उतरा. काठ्या असतील तर टोकाला रबर लावा, नाहीतर दगडावर त्या सटकतात. कठड्याला धरायला हात मोकळे ठेवा, मोबाइल खिशात.

सर्वांत त्रासदायक चूक अगदी शेवटी होते. शिखरावरून दोन बाजूंना वाटा उतरतात: एक देगूकडे, दुसरी सोनबोनसा मंदिरावरून ग्योंगसानकडे. ग्योंगसानची वाट पुष्कळ आखूड आणि सोपी, म्हणून गर्दीच्या लोंढ्यात माणूस नकळत तिकडे वळतो आणि खाली आल्यावर कळतं की आपण वेगळ्याच शहराच्या हद्दीत आहोत. गाडी देगूच्या बाजूला लावली असेल तर पुन्हा डोंगर चढा, नाहीतर टॅक्सीला मोठा वळसा घालून पैसे मोजा. म्हणून वर पोहोचताच, दर्शनाच्या आधीच, आपण आलो त्या वाटेच्या पाटीचा एक फोटो काढून ठेवा. गुडघे कुरकुरत असतील आणि गाडी आणलेली नसेल, तर मुद्दामच ग्योंगसानकडे उतरा. फक्त परतीच्या बसची वेळ सकाळीच पाहून ठेवा.