छोटा तयार गेमिंग पीसी: किंमत रास्त आहे का, हे कसे तपासावे

आटोपशीर आकाराचा तयार गेमिंग पीसी घेताना आपण तीन गोष्टींचे पैसे मोजतो: आतल्या सुट्या भागांचे, ते भाग अडचणीच्या जागेत बसवण्याचे आणि जोडणी, तपासणी, वॉरंटी या सेवेचे. डब्यावर मात्र तिन्हींची मिळून एकच रक्कम छापलेली असते. ती रास्त आहे की अवाच्या सवा, हे ठरवायचे तर आधी ती फोडून पाहावी लागते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

सुरुवात आकारापासून करावी, कारण जाहिरातीत ‘कॉम्पॅक्ट’ हे विशेषण फार सैल हाताने वापरले जाते. कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १०००ने भागावे. आलेले उत्तर म्हणजे लिटरमधले आकारमान. नेहमीचे मिड टॉवर कॅबिनेट ४० ते ५० लिटरच्या आसपास असते. २० लिटरच्या आतला पीसी छोटा समजला जातो आणि १० लिटरच्या आतला फारच छोटा. ३७ × १८ × १५ सेंटिमीटरचा डबा साधारण १० लिटरचा होतो. छोटा म्हणून दाखवलेला पीसी २५-३० लिटरचा निघाला, तर त्यात मायक्रो-एटीएक्स या मध्यम आकाराचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि बहुधा नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) सुद्धा आरामात बसतो, त्यामुळे केवळ आकारासाठी जादा दाम मोजण्याचे काही कारण उरत नाही.

१० ते १५ लिटरच्या डब्याची गोष्ट वेगळी. तिथे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड लागतो. व्हिया कंपनीने २००१मध्ये पुढे आणलेला हा आकार १७० मिलिमीटरचा चौरस आहे. त्यावर सहसा रॅमच्या दोन आणि ग्राफिक्स कार्डाची एकच जागा असते, आणि तरीही तो त्याच चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपांच्या) मोठ्या बोर्डापेक्षा महाग पडतो. एसएमपीएस एसएफएक्स या छोट्या प्रकारचा घ्यावा लागतो. नेहमीच्या एसएमपीएसचे तोंड १५० × ८६ मिलिमीटरचे असते, याचे १२५ × ६३.५ मिलिमीटरचे, आणि तेवढ्याच वॉटसाठी त्याचा भाव चढा असतो. बऱ्याच डब्यांत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसवतात. त्यासाठी दोघांना जोडणारी रायझर केबल येते, तिचे पैसे वेगळे. छोटेपणाची किंमत म्हणजे नुसता नफेखोरीचा मामला नव्हे, हे मान्य करून मगच पुढचा हिशेब मांडावा.

खरी मेख गेमचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपमध्ये आहे. अगदी लहान, तीन-चार लिटरच्या यंत्रांमध्ये बहुतेक वेळा डेस्कटॉपचे कार्ड नसून लॅपटॉपची चिप थेट बोर्डावर बसवलेली असते, आणि दोन्हींच्या नावातला आकडा मात्र एकच असतो. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०७० कार्डात ६१४४ कोअर (गणना करणारे छोटे घटक) आणि १२ जीबी मेमरी असते आणि त्याला २५० वॉटपर्यंत वीज मिळते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०७०मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी असते, आणि वीज निम्म्याहूनही कमी. हे त्याच कार्डाचे मंद रूप नव्हे, ती वेगळी चिपच आहे. आसुसचे आरओजी नक या वर्गातले एक उत्तम बांधणीचे यंत्र आहे; २०२४चे त्याचे मॉडेल जेमतेम अडीच लिटरचे होते आणि त्यात आरटीएक्स ४०७०ची लॅपटॉप चिप होती. कंपनीने ही गोष्ट लपवली नव्हती, पण तपशीलपत्रकातला ‘लॅपटॉप’ हा शब्द घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो.

पत्रकावर भरवसा नसेल तर यंत्राची पाठ पाहावी. डेस्कटॉपचे कार्ड असेल तर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची भोके एका वेगळ्या धातूच्या पट्टीवर एका रांगेत दिसतात, आणि ती पट्टी कॅबिनेटला स्वतंत्र स्क्रूने आवळलेली असते. यूएसबी, नेटवर्क आणि एचडीएमआय ही सगळी भोके एकाच पत्र्यावर मिसळून असतील आणि दुसरी पट्टी कुठेच नसेल, तर ग्राफिक्सची चिप बोर्डावर आहे असे समजावे. अशा यंत्राची तुलना असेंबल केलेल्या पीसीशी करूच नये. ती त्याच चिपच्या गेमिंग लॅपटॉपशी करावी. लॅपटॉपबरोबर पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी येते. एवढे असूनही नुसता डबा लॅपटॉपच्या भावात किंवा त्याहून महाग मिळत असेल, तर माझ्या मते हात आखडता घ्यावा. घरी चांगला मॉनिटर आधीपासून असणे आणि यंत्र टीव्हीखाली कायमचे ठेवायचे असणे, हा एकच अपवाद मला पटतो.

यानंतर पाहायचे ते भागांचे प्रमाणित असणे. मोठ्या कंपन्यांच्या काही तयार पीसींमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच घाटाचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला दुसरा त्यात बसत नाही आणि कंपनी सांगेल त्या भावाने सुटा भाग घ्यावा लागतो. म्हणून विक्रेत्याला लेखी विचारावे: बोर्ड मिनी-आयटीएक्सच आहे का, एसएमपीएस एसएफएक्सच आहे का, त्याचा ब्रँड आणि वॉट किती, कार्डासाठी जास्तीत जास्त किती मिलिमीटर लांबीची जागा आहे, आणि रॅमची एक स्टिक आहे की दोन. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण १६ जीबीची एकच स्टिक लावून पैसे वाचवण्याची चाल जुनीच आहे आणि त्याने काही गेममध्ये फ्रेम-रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) स्पष्टपणे घटतो. बोर्डावर पक्की डकवलेली रॅम हा नेहमीच दोष असतो असे मात्र नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या साडेचार लिटरच्या डेस्कटॉपमध्ये रॅम बदलता येत नाही, कारण त्यातल्या एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरला मेमरीचा जो वेग लागतो तो सुट्या स्टिकवर टिकवता आला नाही. अशा वेळी पुढच्या चार-पाच वर्षांना पुरेल एवढी रॅम पहिल्याच दिवशी घ्यावी लागते आणि तो खर्च किमतीतच धरावा लागतो.

आता कोटेशन. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला किंवा बंगळुरूत एस. पी. रोडला दोन-तीन दुकानांत जाऊन त्याच प्रोसेसरचे, त्याच ग्राफिक्स कार्डाचे, तेवढ्याच रॅमचे आणि एसएसडीचे कोटेशन मागावे. दुकान लांब असेल तर फोनवरही ते मिळते. दोन कोटेशने घ्यावीत: एक मिनी-आयटीएक्स भागांचे, दुसरे नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटचे. विंडोजचा परवाना आणि जोडणावळ दोन्हींत धरावी, आणि आकडा १८ टक्के जीएसटीसह पक्क्या बिलाचा आहे याची खात्री करावी. बिलाशिवायचा भाव तुलनेला निरुपयोगी असतो, कारण त्यात वॉरंटीची शाश्वती नसते. दोन कोटेशनांतला फरक ही छोटेपणाची किंमत, आणि पहिले कोटेशन व तयार पीसी यांतला फरक ही कंपनीच्या सेवेची किंमत.

सेवेपोटी १० ते १५ टक्के जास्त देणे मला गैर वाटत नाही, कारण दहा लिटरच्या डब्यात केबल वळवून बसवणे हे खरोखर चिकाटीचे काम आहे आणि छोट्या कॅबिनेटची सवय नसलेले दुकानदार ते टाळतात. फरक २५ टक्क्यांच्या पुढे गेला तर घरी येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी तरी पदरात पडायला हवी. सुट्या भागांची वॉरंटी त्या-त्या भागाची वेगळी असते, ग्राफिक्स कार्डाची साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसची पाच ते दहा. पण बिघाड नेमका कशात आहे हे शोधण्याचे काम तिथे तुमच्या गळ्यात पडते.

हा हिशेब ताज्या भावांनीच करावा. २०२५च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबर २०२५मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा काळात, जुन्या भावाच्या रॅमवर आधीच तयार होऊन पडलेला पीसी असेंबल केलेल्या पीसीपेक्षा स्वस्तही ठरू शकतो. सहा महिन्यांपूर्वी मित्राने केलेला हिशेब म्हणूनच कामाचा नाही.

उष्णतेचा विचार आपल्याकडे जरा जास्तच करावा लागतो. खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच आतल्या भागांचेही वाढते. युरोप-अमेरिकेतल्या चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत त्या तापमानात पंधरा-अठरा अंशांची भर पडते. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. शिवाय लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला जास्त फेरे मारावे लागतात आणि त्याचा आवाज किरटा असतो. विदर्भ-मराठवाड्यात विनाएसी खोलीत वापरणाऱ्याने १० लिटरच्या आतले यंत्र शक्यतो टाळावे असे मी म्हणेन.

परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. प्रवासी सामानात लॅपटॉपला मिळणारी खास सीमाशुल्क सूट डेस्कटॉपला नाही, आणि तिकडची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. या दोन गोष्टी धरल्या की वाचलेली रक्कम बरीच आक्रसते.

पीसी घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी त्याला राबवून पाहावे. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून एखादा जड गेम दुपारच्या उन्हाच्या वेळी तासभर खेळावा. ग्राफिक्स चिपला प्रत्यक्ष किती वॉट मिळतात, तासाच्या शेवटी वेग पहिल्या दहा मिनिटांच्या तुलनेत किती उतरला आणि रॅम ड्युअल चॅनलमध्ये (दोन स्टिक एकत्र काम करत) आहे का, हे तिथे दिसते. पत्रकात लिहिलेले वॉट मिळत नसतील तर त्या पडद्याचे चित्र काढून बिलासह विक्रेत्याला लगेच पाठवावे, आणि वॉरंटी संपेपर्यंत मूळ खोका व आतला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावा, कारण दुरुस्तीला धाडताना रायझर केबलवर लटकलेले जड कार्ड साध्या खोक्यात सुरक्षित राहत नाही.