जावा की डॉटनेट? नवं काम सुरू करण्याआधी काय तपासायचं

बँकेचं काम असो, कारखान्याचं ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो की विमा कंपनीचं पोर्टल, सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्या आर्किटेक्टकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला: जावात करायचं की डॉटनेटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर लिहायच्या आणि चालवायच्या या दोन प्लॅटफॉर्मपैकी कुठल्यावर? पुण्यात राहून दोन्हीकडची कामं केल्यामुळे दोन्हीकडचे कट्टर भक्त मला 'समोरच्या पार्टीची' समजतात. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. तांत्रिकदृष्ट्या आज दोघांपैकी कुणीच लेचंपेचं नाही. निवड फसते ती लायसन्स, सपोर्टची मुदत, हाताशी असलेली माणसं आणि आधीपासून चालू असलेला कोड यांचा हिशेब न मांडल्यामुळे. तो हिशेब मी कसा मांडते ते लिहिते आहे.

इतिहास, पण कामापुरता

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने (पुढे नुसतं 'सन') 1995 मध्ये जावा जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने त्याचं लायसन्स घेतलं, त्यात फक्त विंडोजवर चालतील अशा स्वतःच्या गोष्टी घुसवल्या, आणि 1997 मध्ये सनने त्यांना कोर्टात खेचलं. 2001 च्या जानेवारीत 2 कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटलं. तोवर मायक्रोसॉफ्टने वेगळी चूल मांडायला घेतली होती. टर्बो पास्कल आणि डेल्फी ही प्रोग्रामिंगची साधनं घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग डॉटनेटच्या सी-शार्प या भाषेचे मुख्य शिल्पकार झाले आणि 2002 च्या फेब्रुवारीत डॉटनेट फ्रेमवर्क 1.0 बाजारात आलं. समोर जे-टू-ईई, म्हणजे जावाची मोठ्या कंपन्यांच्या कामासाठीची आवृत्ती, होतं, आणि त्याच्या आधारावर आयबीएमचं वेबस्फिअर, बीईएचं वेबलॉजिक असे महागडे सर्व्हर विकले जात होते.

या काळातली एक गोष्ट नव्या मुलांना मी हमखास सांगते. सनने जे-टू-ईईमध्ये काम कसं करावं हे दाखवायला 'पेट स्टोअर' नावाचं नमुन्याचं ॲप्लिकेशन दिलं होतं. पाळीव प्राण्यांचं ऑनलाइन दुकान. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान डॉटनेटमध्ये बांधलं, नाव 'पेट शॉप', आणि जाहीर केलं की आमचा कोड कितीतरी कमी ओळींचा आणि वेग कितीतरी पट जास्त. जावावाले भडकले. त्यांचं म्हणणं, ते ॲप्लिकेशन डिझाइन पॅटर्न शिकवायला लिहिलेलं होतं, शर्यतीत पळवायला नव्हे. पुढे 2002 च्या ऑक्टोबरमध्ये द मिडलवेअर कंपनीने दोन्हीची तुलना करून अहवाल काढला, त्यात डॉटनेट पुढे निघालं, आणि चाचणीमागे मायक्रोसॉफ्टचा पैसा असल्यावरून मोठा गदारोळ झाला.

म्हणून कुठलाही विक्रेता बेंचमार्कची (वेगाच्या तुलनेची) स्लाइड घेऊन आला, तर मी आकड्यांकडे नंतर बघते. खर्च कुणी केला, समोरच्याचा कोड कुणी लिहिला आणि ट्यून कुणी केला, डेटाबेस तोच होता का, एवढं विचारते. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर स्लाइड बाजूला आणि चहा मागवायचा.

आणि हो, 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने सनला जवळपास 2 अब्ज डॉलर देऊन उरलेली भांडणं मिटवली, 2010 मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेलं, आणि 2021 पासून मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या नावाने ओपनजेडीके, म्हणजे जावाचा खुला, फुकट संच, वाटतं. मालकांनी भांडण कधीच आवरलं. आपल्या कँटीनमध्ये मात्र ते अजून चालू आहे.

लायसन्सचा कागद आधी

'जावा फुकट, डॉटनेट विकतचं' हे वाक्य कुणी मीटिंगमध्ये टाकलं, तर ते किती जुनं आहे ते समजून घ्या. डॉटनेट कोअर 1.0 हे 2016 च्या जूनमध्ये आलं, ओपन सोर्स, लिनक्सवरही चालणारं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आता नुसत्या 'डॉटनेट 8', 'डॉटनेट 10' अशा नावाने येतात आणि रनटाइमला (प्रोग्राम चालवणाऱ्या भागाला) एक पैसा लागत नाही. पैसा लागतो तो आजूबाजूला: विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, दोन्ही प्रोसेसरच्या कोअरच्या हिशेबाने. लिनक्स आणि पोस्टग्रेस हा फुकट डेटाबेस घेतला तर तोही खर्च टळतो.

जावाची गंमत उलटी आहे. भाषा फुकट, पण ओरॅकलचं स्वतःचं जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) कुठली आवृत्ती आणि कुठल्या अटींवर वापरता यावर सगळं ठरतं. 2023 च्या जानेवारीपासून ओरॅकलचं नवं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजलं जातं. जावाला हात लावणारे किती, याचा संबंध नाही. स्टोअरमधला माणूस आणि रिसेप्शनिस्टही मोजणीत येतात. यादीतला दर लहान कंपनीसाठी माणशी महिना 15 डॉलरपासून सुरू होतो. बाराने गुणून बघा.

यावरचा उपाय सोपा, पण कंटाळवाणा. प्रत्येक सर्व्हरवर जाऊन 'जावा -व्हर्जन' ही कमांड चालवा आणि कुणाचं बिल्ड (कुणी तयार करून दिलेलं जावा) आहे ते वहीत लिहा. टेमुरिन, कोरेटो अशी फुकट बिल्ड किंवा मायक्रोसॉफ्टचं ओपनजेडीके असेल तर चिंता नाही. ओरॅकलचं निघालं तर आवृत्ती आणि अपडेट नंबर टिपून कायदेवाल्यांना दाखवा. बिल्ड सर्व्हर आणि डेव्हलपरचे लॅपटॉप विसरू नका.

दोघांना तुमचंच काम द्या

आता खरी चाचणी. 'हॅलो वर्ल्ड' किंवा कर्मचारी-यादीचा डेमो करण्यात अर्थ नाही, तो दोन्हीत सुरेखच दिसतो. तुमच्या कामातला सगळ्यात किचकट तुकडा काढा. सहकारी बँकेच्या कामांत मी बचत खात्याच्या व्याजाचा डे-एंड (दिवसाअखेरचा हिशेब) काढते. 2010 च्या एप्रिलपासून हे व्याज रोजच्या शिलकेवर मोजलं जातं. म्हणजे शिल्लक गुणिले दर भागिले 36500, आणि मग पैशापर्यंत राउंडिंग. दिसायला शाळेतलं गणित, पण दोन्ही प्लॅटफॉर्मचा स्वभाव इथेच उघडा पडतो.

जावात पैशासाठी बिगडेसिमल हा अचूक दशांशांचा प्रकार वापरायचा. 36500 ने भागलं की बहुतेक वेळा दशांश संपतच नाहीत, आणि किती अंकांवर थांबायचं ते तुम्ही सांगितलं नसेल तर जावा सरळ एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. सी-शार्पच्या डेसिमलमध्ये अधिक-गुणिलेची चिन्हं नेहमीसारखी वापरता येतात, कोड वाचायला छान लागतो, आणि भागाकार 28-29 अंकांवर आटोपून गुपचूप उत्तर मिळतं. मग राउंडिंग. 12.345 रुपये दोन दशांशांवर आणायला सी-शार्पचं मॅथ डॉट राउंड काही न सांगता वापरलं तर 12.34 येतं, कारण मुळात ते बरोबर मध्यावरची संख्या सम अंकाकडे नेतं. तीच रक्कम एसक्यूएल सर्व्हरच्या राउंडमधून काढली तर 12.35. थोडं गणित कोडमध्ये आणि थोडं स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) असलं, की महिनाअखेरीला ताळेबंदात पैसे-पैसे उरतात आणि ऑडिटर डोळे वटारतो. जावात किती दशांश ठेवायचे ते ठरवणाऱ्या सेटस्केलला राउंडिंगची पद्धत दिली नाही आणि अंक कापावे लागले, तर पुन्हा एक्सेप्शन.

पैशाच्या गणितात ओरडणारा प्लॅटफॉर्म मला गप्प बसणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. पण जावाचेही खड्डे आहेत: दोन बिगडेसिमल 'इक्वल्स'ने ताडले तर 2.0 आणि 2.00 वेगळे ठरतात, तिथे 'कंपेअर-टू'च वापरावं लागतं. त्यामुळे या चाचणीचा निकाल 'कोण जिंकलं' असा लिहू नका. आपल्या टीमला कुठला खड्डा आधीपासून माहीत आहे, ते लिहा.

वेग मोजायचा असेल तर दोघांना सारखी जागा द्या. कंटेनरला (ॲप्लिकेशन चालवायच्या बंदिस्त डब्याला) 2 जीबी मेमरी दिली आणि बाकी काही सेट केलं नाही, तर जेव्हीएम (जावाचा रनटाइम) आपल्या हीपची (डेटासाठीच्या मेमरीची) कमाल मर्यादा त्याच्या साधारण पाव हिश्श्यावर ठेवतं. डॉटनेटचं गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) 75 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आकडे न बदलता शर्यत लावली आणि जावा धापा टाकतंय असं दिसलं, तर तो दोष सेटिंगचा. शिवाय दोन्हींमध्ये कोड चालता चालता तापतो आणि मग वेग धरतो, तेव्हा पहिल्या मिनिटाचे आकडे फेकून द्या.

मराठीत पत्रं किंवा नोटिसा छापायच्या असतील तर पीडीएफची चाचणी आजच करा, युएटीची (ग्राहकाच्या शेवटच्या चाचणीची) वाट बघू नका. खातेदाराचं नाव 'श्रीकृष्ण क्षीरसागर' घ्या आणि छापून बघा. बऱ्याच लायब्ररी जोडाक्षरं फोडतात, पहिली वेलांटी भलतीकडे टाकतात. मजा म्हणजे इथे जावा-डॉटनेट हा प्रश्नच नसतो. पीडीएफ बनवणारं आयटेक्स्ट दोन्हीसाठी मिळतं, दोन्हीकडे एजीपीएल (तुमचाही कोड खुला करायला लावणारं) किंवा विकतचं लायसन्स, आणि भारतीय लिप्या नीट जुळवणारा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. हा खर्च एस्टिमेटमध्ये कुणीच धरलेला नसतो.

जुना कोड किती जड आहे?

आधीपासून डॉटनेट फ्रेमवर्कवर काही चालू असेल तर 'आपण डॉटनेटवर आहोतच' असं समजून पुढे जाऊ नका. फ्रेमवर्क 4.8 मालिका विंडोजसोबत टिकून राहील, पण नवं काही तिथे येणार नाही. वेब फॉर्म्स (वेबचे स्क्रीन बनवायची जुनी पद्धत) नव्या डॉटनेटमध्ये आलंच नाही. ज्यांचे सगळे स्क्रीन वेब फॉर्म्सवर आहेत त्यांच्यासाठी नवं डॉटनेट म्हणजे यूआयचं जवळजवळ नव्याने लेखनच. शिवाय विंडोजवरून लिनक्सवर जाताना फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं, उलटा स्लॅश, आणि टाइमझोनचं नाव यावर ठेच लागते: विंडोज 'इंडिया स्टँडर्ड टाइम' म्हणतं, लिनक्स 'एशिया/कोलकाता'. डॉटनेट 6 पासून दोन्ही नावं चालतात, त्याआधी कोड तिथेच पडायचा.

जावावाल्यांनीही हसू नये. जावा ईई, म्हणजे पूर्वीचं जे-टू-ईई, एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे गेलं, जकार्ता ईई झालं, आणि पॅकेजचं नाव 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झालं. जावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्प्रिंग बूट 3 ला, म्हणजे 2022 नंतरच्या स्प्रिंगला, हेच नवं नाव आणि किमान जावा 17 लागतं. जावा 8 वर बसलेल्या ॲप्लिकेशनमध्ये ही नावं बदलणं हे शोध-आणि-बदला करून संपणारं काम नाही, कारण तुमच्या जुन्या लायब्ररीही त्याच नावांवर टेकलेल्या असतात. आधी डिपेंडन्सीची (आपला कोड ज्यांवर टेकतो त्या लायब्ररींची) यादी काढा आणि ज्यांची नवी आवृत्ती कधीच आली नाही अशांना लाल खूण करा. त्या लाल खुणांवरूनच बजेट ठरतं.

माणसं

सी-शार्प येणाऱ्याला जावा वाचायला वेळ लागत नाही, उलटही तसंच. वेळ लागतो तो स्प्रिंगचं कॉन्फिगरेशन, जावाकडून डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटची सुस्त क्वेरी, डॉटनेटमध्ये तेच काम करणाऱ्या एंटिटी फ्रेमवर्कने मागच्या मागे बनवलेलं एसक्यूएल हे ओळखू येण्यात. तेव्हा टीममध्ये रात्री दोन वाजता थ्रेड डंप (अडकलेल्या प्रोग्रामची आतली नोंद) वाचू शकणारं कोण आहे, त्याचं नाव विचारा. तसं माणूस जावाकडे असेल आणि डॉटनेटकडे नसेल, तर माझ्या लेखी निम्मा निर्णय झाला. बाहेरून आणू म्हणाल तर आपल्याकडे 90 दिवसांचा नोटीस पिरियड आहे, आणि तेवढ्यात तो तिसरी ऑफर घेऊन बसलेला असतो.

कंपनीत सगळं अ‍ॅझ्युअर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि पॉवर बीआय असेल तर डॉटनेटने घर्षण कमी होतं, हे मान्य करायला जावावाल्यांनी लाजू नये. काफ्का, स्पार्क अशी डेटाची मोठी कामं शेजारी असतील तर जेव्हीएमवर राहणं सोयीचं. दोन्ही नसेल तर टीमला विचारा आणि पुढे चला.

निर्णय कागदावर

एका पानाची नोंद ठेवा: कुठली आवृत्ती घेतली, कुणाचं बिल्ड, सपोर्ट कधी संपतो. डॉटनेटच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला तीन वर्षं मिळतात; 8 ची मुदत 2026 च्या नोव्हेंबरात संपते, 10 ची 2028 च्या नोव्हेंबरात. जावाच्या 17, 21, 25 या दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या, आणि प्रत्येक वितरक आपापल्या तारखा जाहीर करतो, म्हणून जावात तारखेसोबत वितरकाचं नावही लिहा. अपग्रेडला लागणारे माणसी दिवस त्या वर्षाच्या बजेटमध्ये आत्ताच टाका. नाकारलेला पर्याय आणि त्याची कारणं त्याच पानावर लिहा; नवा सीटीओ आला की पहिल्याच आठवड्यात तो हे पान मागणार आहे.